मेंदूच्या शिरा आणि लठ्ठपणाची जनुकं : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तिघांसाठी आहे: या विषयात प्रबंध किंवा प्रकल्प करू पाहणारे विद्यार्थी, संशोधनात रक्ताचा नमुना द्यायला बोलावलेली कुटुंबं, आणि हातात रिपोर्ट घेऊन बसलेले नातेवाईक. प्रश्न सरमिसळ येतात, म्हणून उत्तरंही तशीच ठेवली आहेत.

मेंदूच्या शिरा आणि लठ्ठपणा यांचा एकमेकांशी काय संबंध?

दुवा आहे कवटीतल्या दाबाचा. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये गाठ नाही, गुठळी नाही, तरीही कवटीतला दाब वाढलेला आढळतो. या आजाराला डॉक्टर आयआयएच (इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन) म्हणतात. मेंदूभोवती जे पाणी खेळतं ते बऱ्याच अंशी शेवटी शिरांच्या मोठ्या वाहिन्यांत मुरतं. त्या वाहिन्यांतला दाब वाढला की पाणी मुरणं मंदावतं आणि आतला दाब चढत जातो.

आयआयएचच्या बहुतेक रुग्णांत कानामागून जाणारा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूतलं रक्त नेणारी मोठी शीर-वाहिनी) एका ठिकाणी चिमटलेला दिसतो. मग सायनस चिमटला म्हणून दाब वाढला, की दाब वाढला म्हणून सायनस चिमटला? कमरेतून पाणी काढल्यावर अनेकांत शिरांमधला दाब लगेच उतरतो, म्हणजे चिमटणं हा निदान काही अंशी दाबाचा परिणाम आहे. उलट, तिथे स्टेंट घातला तरी कवटीतला दाब कमी होतो, म्हणजे ते कारणही आहे. मऊ भिंतीच्या नळीत बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला की नळी दबते, तिच्या मागे रक्त तुंबतं, पाणी मुरेनासं होतं, आणि नळी आणखी दबते. हे चक्र कुठेतरी तोडणं म्हणजेच उपचार. वजन उतरवणं हा त्यातला सगळ्यात टिकाऊ मार्ग. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा कवटीतला दाब, आहार-व्यायामाच्या गटापेक्षा जास्त उतरला होता.

आयआयएच ओळखायचा कसा?

रोजची डोकेदुखी, वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी, कानात नाडीच्या ठेक्यावर ‘सूं सूं’ आवाज. अशा वेळी चष्म्याचा नंबर बदलून भागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागची नस सुजली आहे का ते पाहून घ्यायचं. त्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे गावाकडून येताना गाडी चालवायला दुसरं कुणीतरी सोबत हवं.

पुढे एमआरआय आणि शिरांचा एमआर व्हेनोग्राम. गाठ नाही याची खात्री झाल्यावरच कमरेतून पाणी काढून दाब मोजतात. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर पाणी किंवा त्याहून जास्त भरला तर तो वाढलेला समजतात. मोजताना रुग्ण कुशीवर झोपलेला, पाय सैल आणि श्वास शांत हवा. पोट आवळून, गुडघे छातीशी घट्ट धरून मोजलं तर आकडा फुगतो. मुरमांसाठी घेतलेल्या डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस यांमुळेही असाच दाब वाढतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

रिपोर्टमध्ये ‘सायनस थ्रॉम्बोसिस’ लिहिलंय. नाकाचा त्रास आहे का?

नाही. मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिनीत गुठळी झाली आहे. थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात न्यायचं. हा आजार बाळंतिणींमध्ये जास्त दिसतो, कारण बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात बाळंतिणीला पाणी तोलूनमापून द्यायची रीत आणि मे महिन्यातला नांदेड-परभणीचा उन्हाळा यांची भर पडली की शरीर कोरडं पडतं. बाळंतिणीला पाणी तोडू नका, हे आम्ही प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी एखादी आजी नाक मुरडते. गर्भनिरोधक गोळ्या आणि लठ्ठपणा एकत्र आले की धोका आणखी चढतो.

शिरांची ताकद मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून डोक्याच्या मधोमध असलेल्या सॅजिटल सायनसला जाऊन मिळणाऱ्या शिरांना ब्रिजिंग व्हेन म्हणतात. डोकं जोरात फिरलं की कवटी पुढे जाते, मेंदू मागे राहतो आणि मधल्या या शिरा ताणल्या जातात. त्या किती ताणावर तुटतात, हाच मुख्य प्रश्न.

शवविच्छेदनातून मानवी शीर घ्यायची तर नैतिकता समितीची परवानगी आणि नातेवाइकांची लेखी संमती लागते, मेडिको-लीगल केस असेल तर पोलिसांचीही परवानगी. पहिल्याच प्रकल्पात या फंदात पडू नये. बोकडाच्या डोक्यावर हात बसवावा. मात्र दुकानात मिळते तशी मुंडी चालत नाही, आणि बहुतेकांचे पहिले दोन आठवडे इथेच वाया जातात. एकतर मुंडी भाजलेली असते. उष्णतेने कोलॅजन आक्रसतं आणि शिरेचे गुणधर्मच बदलतात. दुसरं, खाटीक सवयीने ती मधोमध फोडून देतो, म्हणजे आपल्याला हवा असलेला सायनसच सुऱ्याखाली जातो. ‘न भाजलेली, न फोडलेली’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि कापल्यापासून तासाभरात बर्फाच्या डब्यात घ्या. बर्फ थेट मुंडीला लागू देऊ नका, गोठलेल्या भागाच्या पेशी फुटतात.

कवटी उघडताना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून करवत चालवायची आणि मधली हाडाची पट्टी सायनससकट तशीच ठेवायची. ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, बाजूने कापायचा. मग मेंदूचा अर्धगोल हलक्या हाताने खाली सोडला की मेंदू आणि सायनस यांच्यामधल्या शिरा दिसू लागतात. इथे थांबायचं आणि कापण्याआधी प्रत्येक शिरेची जागेवरची लांबी मोजून लिहायची. कापल्यावर शीर आक्रसते आणि मूळ लांबी परत मिळत नाही.

नंतर फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, ४ अंश सेल्सिअसवर ठेवून २४ ते ४८ तासांत चाचणी. दोन्ही टोकांत बारीक सुईची नळी सरकवून १०-० नायलॉनच्या धाग्याने बांधायचं आणि गाठीवर सायनोअॅक्रिलेटचा अगदी लहान थेंब टाकायचा. थेंब मोठा झाला की गोंद शिरेवर पसरतो आणि ताणली जाणारी लांबी न कळत कमी होते. ३७ अंशांच्या सलाइनमध्ये आधी पाच ते दहा वेळा थोडं ताणून सोडायचं, म्हणजे आलेख एकसारखा यायला लागतो. मगच तुटेपर्यंत ओढायचं.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात युटीएम (वस्तू ओढून-दाबून ताकद मोजणारं यंत्र) आहे. तेवढ्यावर भागेल का?

काँक्रीटचे ठोकळे आणि सळ्या तोडणारं असेल तर नाही. हिशेब करून बघा. शिरेचा व्यास १ मिलिमीटर, भिंतीची जाडी ०.०५ मिलिमीटर धरली तर भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. २ मेगापास्कलला तुटली तर लागलेलं बल ०.३ न्यूटन, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम वजनाएवढं. एवढं बल त्या यंत्राच्या काट्याला कळतसुद्धा नाही. ५ किंवा १० न्यूटनचा लोडसेल (बल मोजणारा भाग), स्टेपर मोटर आणि मायक्रोस्कोपवर बसवलेला कॅमेरा इतक्यावर चांगली मांडणी होते. यंत्रशाळेतला सहायक हुशार असेल तर बाकीची चौकट तिथेच तयार होते.

एकाच शिरेचे आकडे प्रत्येक शोधनिबंधात वेगळे का?

चार कारणं असतात. पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे शून्य लांबी, म्हणजे ताण मोजताना सुरुवातीची धरलेली लांबी. समजा जागेवर १० मिलिमीटर असलेली शीर कापल्यावर ८.५ झाली आणि १२.७५ ला तुटली. कापलेल्या लांबीवरून ती १.५ पट ताणली गेली, जागेवरच्या लांबीवरून फक्त १.२८ पट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण अपघाताच्या संगणकी मॉडेलमध्ये पहिला आकडा जागेवरच्या लांबीला लावला तर ‘शीर सुरक्षित’ असं खोटं उत्तर येतं.

दुसरं, जाडी. ०.०५ ऐवजी ०.०४ मोजली की ताकद २५ टक्क्यांनी जास्त दिसते. भिंतीची जाडी एकाच शिरेत जागोजागी बदलते. सबड्युरल (ड्यूराच्या आतल्या बाजूच्या) भागात तर ती फारच कमी-जास्त असते, आणि पातळ जागाच आधी फाटते. तिसरं, शीर चिमट्यापाशी तुटली असेल तर ती चाचणी बाद करायला हवी. किती बाद केल्या हे न लिहिणाऱ्या निबंधावर आमचा फारसा विश्वास बसत नाही.

चौथं, ओढण्याचा वेग. १९७४ साली लोव्हेनहील्म यांनी वेग वाढला की शीर कमी ताणावर तुटते असं मांडलं. १९८९ साली ली आणि हाउट यांना मानवी शिरांवर वेगाचा असा परिणाम दिसला नाही, कमी-जास्त दोन्ही वेगांना शीर मूळ लांबीच्या सुमारे १.५ पटीला तुटली. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. १० मिलिमीटरची शीर सेकंदाला १०० पट या स्ट्रेन रेटने ओढायची तर टोक सेकंदाला १ मीटर वेगाने सरकावं लागतं. त्या वेगात पकडीच्या वस्तुमानाचा झटका लोडसेलमध्ये शिरेच्या बलात मिसळतो. त्यामुळे आधी शीर न लावता रिकाम्या पकडीची चाचणी घेऊन तो झटका वेगळा नोंदवा.

आजोबा मोरीत घसरले, तेव्हा काहीच झालं नाही. महिन्याने गोंधळल्यासारखं करतात. संबंध असू शकतो का?

असू शकतो. लगेच सीटी स्कॅन करा. वयानुसार मेंदू आकसतो, मेंदू आणि कवटीतलं अंतर वाढतं, आणि ब्रिजिंग व्हेन आधीच ताणलेल्या राहतात. साध्या धक्क्यानेही एखादी झिरपते. त्या रक्ताभोवती पडदा तयार होतो, पडद्यातल्या नव्या नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा झिरपतात आणि साठा हळूहळू वाढत जातो. त्यामुळे लक्षणं तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही येतात: चाल अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं, सतत झोप, विसरभोळेपणा. ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात तेच नेमकं घातक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्कॅनआधीच तसं सांगा. कवटीला छोटं छिद्र पाडून साठा काढला की बरेच रुग्ण चांगले सुधारतात.

हेल्मेटने या शिरा वाचतात का?

बऱ्याच प्रमाणात, पण पूर्ण नाही. जेनारेली आणि थिबो यांनी १९८२ साली माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की डोक्याला अगदी थोड्या वेळात बसणारा फिरण्याचा मोठा प्रवेग या शिरा तोडतो. हेल्मेटच्या चाचण्या अनेक वर्षं सरळ आघातावर बेतलेल्या होत्या. युरोपच्या ईसीई २२.०६ मानकात मात्र तिरक्या आघातात डोकं किती फिरतं तेही तपासतात. हनुवटीचा पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

लठ्ठपणा जनुकांमुळे होतो की खाण्यामुळे?

दोन्हीमुळे, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक दिसतो. पण तो एका जनुकाचा नसतो. २०१८ साली सुमारे सात लाख लोकांच्या अभ्यासातून डीएनएमधल्या ९४१ जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून बीएमआयमधल्या (उंचीच्या मानाने वजनाच्या मापातल्या) फरकाचा फक्त ६ टक्के भाग समजावतात.

सगळ्यात प्रसिद्ध जनुक म्हणजे २००७ साली पुढे आलेलं एफटीओ. दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्या माणसाचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. हा फरक पकडायला ३८,७५९ लोक लागले होते. त्यामुळे ‘शंभर लठ्ठ, शंभर सडपातळ’ असा प्रबंध घेऊन नवं जनुक शोधायला निघू नये. तेवढ्याच पैशांत लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा असलेल्या चार-पाच कुटुंबांचं एक्सोम (डीएनएमधला प्रथिनं बनवणारा भाग) तपासलं तर काही हाती लागायची शक्यता कितीतरी जास्त.

मग एफटीओची चाचणी करून घ्यावी का?

उपचार बदलणार नसेल तर कशाला? शरीर हलतं ठेवणाऱ्यांत त्या जनुकाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसते, आणि चालायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात. त्याने मूल लठ्ठ होतं का?

साध्या लठ्ठपणाचा याच्याशी फारसा संबंध नाही. पण काही दुर्मीळ आजार असे असतात की आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतात. आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलात एखाद्या जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ मध्ये १ असते, मामा-भाचीच्या लग्नात ती ८ मध्ये १ होते. आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. ‘पहिलं मूल तसं झालं, आता पुढचं चांगलं’ हा हिशेब चुकीचा आहे.

१९९७ साली ब्रिटनमध्ये पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडं सापडली. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं, आणि त्यांच्या घरातही नात्यातली लग्नं होती. लेप्टिन हे चरबीतून निघून मेंदूला ‘पुरे’ सांगणारं संप्रेरक, १९९४ साली फ्रीडमन यांच्या गटाने शोधलेलं. अशा मुलांना लेप्टिनचं इंजेक्शन दिलं की भूक आटोक्यात येते आणि वजन झपाट्याने उतरतं. बाकी लठ्ठ माणसांत लेप्टिन मुळातच जास्त असतं, त्यामुळे तेच इंजेक्शन त्यांच्या कामाचं नाही.

मूल पाच वर्षांच्या आत फार लठ्ठ झालं, अन्नासाठी रात्री उठतं, सहावं बोट आहे, अंधारात दिसत नाही, किंवा जन्मल्यावर अंग ढिलं होतं आणि दूध ओढत नव्हतं, यातलं काही असेल तर जनुकीय तपासणी करायलाच हवी. सहावं बोट लहानपणीच काढून टाकलेलं असतं आणि घरचे सांगायला विसरतात, म्हणून तळहाताच्या कडेचा व्रण बघा.

मी तर काटकुळा आहे, मला लठ्ठपणाच्या अभ्यासात का बोलावलं?

बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळांपासून दाखवलं आहे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर.

मोजमापात सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

उंची आणि कंबर. ६४ किलो आणि १६० सेंटिमीटरला बीएमआय बरोबर २५ येतो. अंबाड्यावरून पट्टी ठेवून उंची १६२ लिहिली की तो २४.४ होतो आणि बाई लठ्ठ गटातून बाहेर पडते. अंबाडा सोडायला सांगा, फेटा-टोपी काढायला सांगा. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. निऱ्यांवरून, धोतरावरून किंवा करदोड्याच्या खुणेवरून नाही. हे काम बाईचं बाईनेच आडोशाला करावं, नाहीतर साडीवरूनच टेप फिरतो आणि आकडा पाच-सहा सेंटिमीटर फुगतो.

रक्त किती घेतात, आणि गावातून नेताना काय बिघडतं?

दोन ते तीन मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाची हेपारिन नळी वापरू नका, हेपारिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अडतो. घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. डीएनएसाठी ४ अंशांवर रक्त काही दिवस टिकतं, पण एसटीच्या टपावर दुपारभर तापलेला डबा चालत नाही. लेप्टिन मोजायचं असेल तर उपाशीपोटी रक्त घेऊन त्याच दिवशी सीरम वेगळं करून गोठवावं लागतं, आणि वीज गेली तरी फ्रीज चालेल अशी सोय आधी करावी लागते.

निकाल आल्यावर एक सोपी पडताळणी करा. जोखमीच्या प्रतीचं प्रमाण ०.३ असेल तर तीन जनुकीय गट साधारण ९, ४२ आणि ४९ टक्के यायला हवेत. मधला गट फारच कमी आला तर आधी चाचणीतल्या चुकीचा संशय घ्या, नव्या शोधाचा नंतर.

संमतीपत्रावर अंगठा दिला तर चालतो का?

चालतो, पण संशोधन गटाबाहेरचा साक्षीदार हवा आणि मजकूर त्याच्यासमोर वाचून दाखवलेला हवा. निकाल कळवायचा की नाही, हे त्याच वेळी विचारून लिहून घ्या. कुटुंबाच्या अभ्यासात कधी वडील जैविक वडील नाहीत हेही उघड होतं. ते कुणालाही सांगायचं नाही, हे नमुने घेण्याआधीच समितीकडून लेखी ठरवून घ्यावं. समितीची परवानगी येईपर्यंत एकही नमुना घेऊ नये, ‘ओळखीतलेच आहेत’ म्हणूनसुद्धा नाही.

बीड-धारूरकडची कुटुंबं पुढच्या भेटीला येत नाहीत. काय करावं?

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. सहा महिन्यांनी पुढची भेट असं वेळापत्रक छापलं की ती हमखास हंगामात येते. पहिली भेट उन्हाळ्यात आणि दुसरी पोळ्याच्या आसपास ठेवा. मुकादमामार्फत निरोप देऊ नका. त्याने सांगितलं म्हणून दिलेली संमती खुशीची राहत नाही.

चाचणीनंतर उरलेली मुंडी घरी नेता येईल का?

नाही. प्रयोगशाळेत आलेली ऊती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. रस्सा करायचा असेल तर दुसरी मुंडी आणा, ती भाजलेली आणि फोडलेलीच बरी.